टोगा म्हणजे पांढरी चादर नव्हे! नाटकासाठी टोगा करताना या चुका टाळा

गॅदरिंगचा सीझन आला की मला दोन-तीन तरी फोन येतातच, "ताई, रोमचा सीन बसवतोय, टोगा कसा नेसवायचा सांगा ना". हौशी नाटकांची वेशभूषा करता करता मी या एका कपड्याच्या, म्हणजे प्राचीन रोमन नागरिक अंगाभोवती गुंडाळायचे त्या न शिवलेल्या वस्त्राच्या, प्रेमातच पडलेय, त्यामुळे दरवेळी फोनवर अर्धा तास बोलते आणि तरी काहीतरी राहतंच. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

एका कॉलेजच्या एकांकिकेत मी प्रेक्षकांत बसले होते. सिनेटचा सीन, मुलगा उत्तम बोलणारा, त्याने जोरात उजवा हात वर केला आणि खांद्यावरची डबल बेडशीट सरळ खाली. पुढचं अख्खं भाषण तो बिचारा एका हाताने चादर धरून बोलला आणि लोक हसत राहिले. मला फार वाईट वाटलं, कारण चूक त्याची नव्हतीच, कापडाच्या आकाराची होती.

चौकोनी कापड घेणं, ही सगळ्यात मोठी चूक

टोगा चौकोनी नसतो हो. साडी, धोतर, उपरणं, शाल, घोंगडी हे आपलं सगळं चौकोनी, म्हणून आपल्याला वाटतं की न शिवलेला कपडा म्हणजे लांब पट्टा. ग्रीक लोकांचा अंगावर घ्यायचा कपडा, हिमेशन, तोही चौकोनीच. पण रोमन टोगा अर्धगोल असतो, म्हणजे एक कड सरळ आणि दुसरी कमानीसारखी वळलेली. ही पद्धत रोमन लोकांनी त्यांच्या शेजारच्या एट्रुस्कन लोकांकडून घेतली असं मानतात. क्विंटिलियन म्हणून पहिल्या शतकातला वक्तृत्वाचा शिक्षक होता, त्याने तर स्पष्ट लिहून ठेवलंय की टोगा गोल आणि नीट बेतलेला असावा.

आकाराने एवढा काय फरक पडतो? चौकोनी कापड खांद्यावर टाकलं की त्याचे कोपरे खाली लोंबतात, पायात येतात आणि सगळं वजन एका बाजूला जातं. गोल कडेमुळे खालची रेघ आपोआप पोटऱ्यांवरून छान वळत जाते आणि घोळ जिथे पडायला पाहिजे तिथेच पडतो. तुमचा टोगा बेडशीटसारखा दिसत असेल तर पिना लावून, चुण्या घालून काहीही होणार नाही, आधी आकार बदला.

मापाचं सांगते. रोमन साम्राज्याच्या ऐन काळातला मोठा टोगा सरळ कडेला साधारण साडेपाच मीटर आणि रुंदीला पावणेतीन मीटरपर्यंत जायचा. त्याआधीच्या प्रजासत्ताकाच्या काळातला टोगा लहान आणि आटोपशीर, फ्लॉरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात हात पुढे करून उभा असलेल्या वक्त्याचा ब्राँझचा पुतळा आहे ना, त्याच्या अंगावर तसाच आहे, त्याचे फोटो बघा, नवशिक्यांनी तोच डोळ्यासमोर ठेवावा. स्टेजच्या मोठ्या टोग्यासाठी मी सरळ कड घालणाऱ्याच्या उंचीच्या तिप्पट धरते, म्हणजे साडेपाच फुटी मुलाला पाच मीटर. ५८ इंची पन्ना घ्या, पाच मीटरचा एक तुकडा, त्याच्या खाली चार मीटरचा दुसरा मधोमध लावून जोडा, म्हणजे नऊ मीटर कापड लागलं. मग जमिनीवर पसरा, सरळ कडेच्या मध्यावर कुणालातरी सुतळीचं टोक घट्ट धरायला सांगा, दुसऱ्या टोकाला खडू बांधून अडीच मीटरवर गोल रेघ मारा, कापा, आणि काठ बारीक दुमडून शिवा. हॉलमधलं फर्निचर हलवावं लागतं एवढं खरं.

सॅटिन आणि पॉलिस्टर

दुकानदार चकचकीत कापड पुढे करतो, स्वस्त असतं, लाइटखाली चमकतं, आणि खांद्यावर दोन मिनिटं टिकत नाही. अस्सल टोगा लोकरीचा. लोकर लोकरीला धरून बसते, म्हणूनच रोमन लोकांना साधारणपणे पिन लागत नव्हती. आपल्याकडे लोकर महाग आणि मे महिन्यात त्यात उभं राहणाऱ्याचे हाल, तेव्हा मी मांजरपाट वापरते. जाडसर, खरखरीत, आणि मुळातच किंचित पिवळट पांढरा असल्यामुळे साध्या नागरिकाच्या टोग्याच्या रंगाच्या खूप जवळ जातो, कारण तोही न रंगवलेल्या लोकरीचाच असायचा, निळी घातल्यासारखा पांढराशुभ्र नाही. फक्त आधी दोनदा धुऊन खळ काढून टाका, नाहीतर टोगा तंबूसारखा उभा राहतो. जाड खादी पण चालते.

नेसवताना बाजू चुकणं

टोगा डाव्या खांद्यावर, उजवा हात मोकळा. आमच्या मुलींना हे पटकन जमतं कारण पदर डावीकडेच घ्यायची सवय, मुलं मात्र हमखास आरशात बघून उलटं करतात.

सरळ कड वर, गोल कड खाली. एक टोक डाव्या खांद्यावरून पुढे सोडा, इतकं की ते दोन पायांच्या मधे घोट्यापर्यंत येईल. उरलेलं सगळं पाठीमागून फिरवून उजव्या काखेखालून पुढे आणा, छातीवरून तिरकं न्या आणि परत डाव्या खांद्यावरून मागे टाका. झाला साधा टोगा. मोठ्या टोग्यात आधीच सरळ कडेचा भाग बाहेरच्या बाजूला दुमडून घेतात, मग समोर उजव्या गुडघ्यापर्यंत एक खोल घोळ उतरतो, त्याला लॅटिनमध्ये सायनस म्हणत, हो, सर्दीवाल्या सायनसचा शब्द तोच, वळण किंवा पोकळ घडी असा अर्थ. आणि छातीपाशी आतल्या थराचं कापड थोडं वर ओढून बाहेर काढतात, तो झाला अंबो.

हा अंबो शोभेचा आहे असं समजून लोक सोडून देतात आणि मग म्हणतात टोगा पायात येतोय. अहो, तो वर ओढला की पुढे लोंबणारं टोक तेवढंच आखूड होतं. पायात आला तर कात्री घ्यायची नाही, अंबो ओढायचा.

खांद्यावरून घसरतोय? तीन गोष्टी बघा. आतला अंगरखा गुळगुळीत कापडाचा आहे का, मागे टाकलेलं टोक पुरेसं लांब आहे का (त्याच्या वजनानेच टोगा बसतो), आणि डावा हात काय करतोय. सगळी मेख डाव्या हातात आहे. डावं कोपर वाकवून अंगाशी ठेवायचं आणि त्यावर कापडाचा भार घ्यायचा, पुतळ्यांमध्ये बघा, डावा हात कायम तसाच असतो. नटाला तालमीपासून टोगा द्या, निदान जुनं लुगडं तरी द्या, आयत्या वेळी अंगावर चढवलेल्या टोग्यात कुणालाच चालता येत नाही. तरी भीती वाटत असेल तर डाव्या खांद्याच्या आतून एक सेफ्टीपिन अंगरख्याला लावा, स्टेजवर मी लावते, पण बाहेरून दिसणारा ब्रोच नको. ब्रोच सैनिकांच्या झग्याला असतो, टोग्याला नाही.

रोमन लोकांनाही हे सोपं नव्हतं बरं का. श्रीमंतांच्या घरी टोगा चढवायला गुलाम असायचे, चुण्या आदल्या दिवशीच घालून ठेवायचे. हॉर्टेन्सियस नावाचा मोठा वकील आरशासमोर उभा राहून घड्या लावायचा, आणि एकदा अरुंद वाटेत सहकाऱ्याचा धक्का लागून घडी मोडली तर त्याने म्हणे त्याच्यावर दावाच लावला. आणि क्विंटिलियन सांगतो की भाषणाच्या सुरुवातीला टोगा घसरला आणि वक्त्याने सावरला नाही तर तो गलथानपणा, पण भाषण रंगात येऊन शेवटाकडे गेलं की विस्कटला तरी चालतो. ही टीप मी प्रत्येक नटाला देते, अभिनयाला फार उपयोगी आहे.

आत काहीच न घालणं

पार्टीच्या फोटोंमुळे उघड्या अंगावर टोगा हे डोक्यात बसलंय. जुन्या रोमन माणसांत तसे अंगरख्याशिवाय टोगा घेणारे होते, पण ज्या काळातली नाटकं आपण करतो त्या काळात आत अंगरखा असतोच, गुडघ्याच्या खालीपर्यंत आणि अर्ध्या बाहीचा. दोन चौकोन खांद्यावर आणि बाजूंना शिवले की झाला.

सगळ्यांनाच टोगा घालणं

इथे मला खरंच कळकळीने सांगायचंय, कारण शिवणाची चूक फार तर दिसायला वाईट दिसते, ही चूक नाटकाचा अर्थच बदलते. टोगा हा रोमच्या नागरिकाचा कपडा होता. गुलामाला नाही, परदेशी माणसाला नाही, आणि हद्दपार झालेल्याचा हक्कही जायचा. सम्राट क्लॉडियसच्या समोर एक केस आली, माणूस खरा नागरिक आहे की तोतया, तर वकिलांचं आधी यावरूनच भांडण की त्याने कोर्टात टोगा घालायचा का ग्रीक झगा, तेव्हा क्लॉडियसने सांगितलं की आरोप चालू असताना झगा घाल आणि बचाव चालू असताना टोगा. विचार करा, कपडा बदलला की माणसाचं कायद्यातलं स्थान बदलत होतं.

बायकांचं तर अगदी उलटं. फार पूर्वी बायकाही टोगा घालत, पण नंतर प्रतिष्ठित विवाहित स्त्री स्टोला, म्हणजे पायघोळ झगा, घालायची आणि वरून पाला घ्यायची, पाला म्हणजे डोक्यावरून घेता येईल अशी चौकोनी शाल, आणि टोगा घातलेली प्रौढ बाई म्हणजे वेश्या किंवा व्यभिचाराचा ठपका असलेली असाच अर्थ निघायचा. त्यामुळे सीझरच्या बायकोला प्रेमाने टोगा नेसवू नका! तिच्यासाठी तुमची चौकोनी बेडशीट चालेल, पाला म्हणून.

सैनिक मोहिमेवर टोग्यात नसतो, टोगा शांततेचा आणि शहरातला. आणि नागरिकसुद्धा घरात, शेतात, दुकानात अंगरख्यावरच असायचे. इसवी सनपूर्व ४५८ मध्ये सिन्सिनाटसला संकटकाळापुरता हुकूमशहा नेमल्याचा निरोप घेऊन लोक त्याच्या शेतावर आले, तेव्हा त्याने बायकोला झोपडीतून टोगा आणायला पाठवलं, तो अंगावर घेतला आणि मगच निरोप ऐकला, अशी गोष्ट रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. हा प्रसंग मला फार आवडतो, आणि स्टेजवर करायलाही सुंदर आहे. पुढे पुढे लोक टोग्याला इतके कंटाळले की पहिला सम्राट ऑगस्टस याने गर्दीत सगळीकडे गडद झगे बघितल्यावर फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, टोग्याशिवाय यायचं नाही असा हुकूम काढला. म्हणजे बाजाराच्या सीनमध्ये वीस जण असतील तर दोघा-तिघांना टोगा द्या, बाकीचे अंगरख्यात. खर्च पण वाचतो.

रंगाचं थोडक्यात. मोठ्या पदावरच्या अधिकाऱ्याला जांभळट काठाचा टोगा, आणि स्वतंत्र घरात जन्मलेल्या लहान मुलालाही तसाच काठ, मुलगा वयात आला की काठ सोडून साधा पांढरा, बऱ्याचदा १७ मार्चच्या लिबेरालिया सणाला. सुतकात गडद टोगा. विजयाच्या मिरवणुकीत सेनापतीला जांभळा, सोन्याच्या कशिद्याचा. पूजेच्या वेळी टोग्याची कड मागून डोक्यावर ओढून घ्यायची, आपल्याकडे पदर घेतात तशी. आणि निवडणुकीला उभा राहिलेला माणूस टोगा खडूने घासून झगझगीत पांढरा करायचा, त्या टोग्याला टोगा कँडिडा म्हणत आणि त्या माणसाला कँडिडाटस. आपण रोज म्हणतो तो कँडिडेट यातूनच आलाय. त्यामुळे झगमगता पांढरा टोगा द्यायचाच असेल तर फक्त उमेदवाराला द्या.

शब्दाच्या चुका

पदवीदान समारंभात घालतात तो काळा गाउन म्हणजे टोगा नव्हे. इंडोनेशिया, फिलिपिन्समध्ये त्याला टोगा म्हणतात आणि इटलीत वकिलांच्या झग्याला पण तेच नाव आहे, म्हणून फोटोखाली ते नाव दिसतं, पण तो शिवलेला, बाह्यांचा कपडा, रोमन टोग्याशी त्याचं नातं नावापुरतं. ऑनलाइन भाड्याने मागवताना टोगा असं नुसतं लिहिलंत तर पार्सलमधून गाउन यायचा, फोटो बघूनच ऑर्डर द्या.

उच्चार लॅटिनमध्ये आणि आजच्या इटालियनमध्ये तोगा असा, त पातळ. आपण इंग्रजीतून घेतला म्हणून टोगा झाला, आता तोच रुळलाय, राहू दे. पण मराठीत आणलाच आहे तर मराठीसारखा चालवा, "टोगाला", "टोगाचा" कानाला खटकतं, सोफ्यावर, कॅमेऱ्यात म्हणतो तसं टोग्याला, टोग्यात, आणि अनेक असले की टोगे.

मूळ शब्द लॅटिन तेगेरे, म्हणजे झाकणं. भाषेचे अभ्यासक त्याच धातूच्या कुळात संस्कृत स्थग् ठेवतात, त्याचाही अर्थ झाकणं, लपवणं, त्यातून आपल्याकडे स्थगित आलं, आणि खरं रूप झाकून फसवणारा तो ठग हाही बहुतेक तिथूनच. हे मी तालमीत सांगितलं की टोग्यात उभी असलेली मुलं एकदम स्वतःच्या अंगावरच्या कापडाकडे बघायला लागतात.