साखळी फेरीत मुख्य खेळाडूला विश्रांती द्यायची कशी?

विदर्भातला क्रिकेटचा हंगाम ऑक्टोबरच्या उन्हात सुरू होतो आणि मार्चच्या उन्हात संपतो. मधल्या थंडीच्या दिवसांत क्लब, जिल्हा, विद्यापीठ आणि निमंत्रितांच्या स्पर्धा इतक्या दाटीने येतात की संघातल्या सर्वांत भरवशाच्या खेळाडूला श्वास घ्यायलाही सवड मिळत नाही, आणि बाद फेरी उजाडते तेव्हा नेमका तोच पाठीला पट्टा बांधून सीमारेषेबाहेर बसलेला दिसतो. व्यावसायिक संघांनी यावर काही पद्धती बसवल्या आहेत. त्यांतल्या कोणत्या नागपुरातल्या एखाद्या क्लबला किंवा अकादमीला पेलतील आणि त्या कशा राबवाव्यात, हे येथे सांगायचे आहे. उदाहरणे मुख्यतः वेगवान गोलंदाजाची घेतली आहेत, कारण श्रमाचा हिशेब चुकल्याची किंमत सर्वांत आधी त्यालाच मोजावी लागते. विश्रांती हंगामापूर्वी आखावी आणि मोजमापावर आखावी. सामन्याच्या सकाळी नाणेफेकीच्या वेळी ठरवलेली विश्रांती ही बहुतेक वेळा विश्रांती नसून घबराट असते.

आधी गुणतालिका, मग खेळाडू

कार्यक्रमपत्रिका हाती आली की प्रथम कोणत्या स्थानाचे मोल किती आहे ते पाहावे. आयपीएलमध्ये प्रत्येक संघ १४ साखळी सामने खेळतो आणि पहिले चार पुढे जातात. परंतु पहिल्या दोघांना अंतिम फेरी गाठण्याच्या दोन संधी मिळत असल्यामुळे दुसरे आणि तिसरे स्थान यांत मोठे अंतर पडते. रणजी करंडकात निर्णायक विजयाला ६ गुण, अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीला ३ गुण आणि डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास एक अधिक गुण असतो. हा अधिकचा गुण मिळण्याची शक्यता दुबळ्या संघाविरुद्धच जास्त असते, आणि प्रतिस्पर्ध्याला दोनदा गुंडाळायचे तर मुख्य गोलंदाज लागतोच. म्हणून ‘दुबळ्या संघासमोर बसवा, बलवान संघासमोर खेळवा’ हा सर्रास ऐकू येणारा सल्ला डोळे मिटून मानू नये. आपल्या स्पर्धेचे नियम वाचून, कोणता सामना गमावला तरी पात्रता हातची जाणार नाही, ते शोधावे आणि त्या सामन्यांवर पेन्सिलीने खूण करावी.

खुणा करताना शेवटाकडून मागे यावे. अमेरिकन बेसबॉलमधील वॉशिंग्टन नॅशनल्स या संघाने कोपराच्या शस्त्रक्रियेतून परतलेला पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) स्टीफन स्ट्रासबर्ग याला २०१२ साली सुमारे १६० डाव टाकून झाल्यावर (बेसबॉलच्या एका सामन्यात असे नऊ छोटे डाव असतात), सप्टेंबरमध्येच थांबवले. मर्यादा घालण्याचा विचार चुकीचा होता असे म्हणता येत नाही. पण एप्रिलपासून त्याला नियमित वापरल्यामुळे ऑक्टोबरच्या बाद फेरीसाठी काहीच शिल्लक राहिले नाही आणि संघ पहिल्याच मालिकेत बाहेर पडला. (याच खेळाडूला २०१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळाला, तेव्हा त्याला जपल्याबद्दल पश्चात्ताप करण्याचेही कारण नाही.) आपल्याकडे उपांत्य आणि अंतिम सामन्यांसाठी लागणारी षटके आधी राखून ठेवावीत आणि उरलेली साखळी सामन्यांत वाटावीत.

मोजमाप

यासाठी महागडे उपकरण लागत नाही. दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक गोलंदाजाला एक पान द्यावे आणि रोज टाकलेल्या चेंडूंची संख्या लिहावी. त्यात वाइड आणि नो-बॉल धरावेत, कारण पाठीला पंचांचा निर्णय कळत नाही. आणि नेटमधले चेंडूही धरावेत, जे बहुतेक ठिकाणी कोणीच मोजत नाही. सामन्यात दहा षटके टाकणारा मुलगा मंगळवारी आणि गुरुवारी नेटमध्ये मिळून शंभर चेंडू टाकत असेल, तर धावफलक त्याच्या श्रमाचा निम्म्याहून कमी भाग सांगतो.

दर रविवारी संध्याकाळी त्या आठवड्याची बेरीज करावी आणि तिला मागील चार आठवड्यांच्या सरासरीने भागावे. समजा, एका गोलंदाजाने चार आठवड्यांत अनुक्रमे ११०, ९६, १२० आणि ११४ चेंडू टाकले. सरासरी ११० येते. पाचव्या आठवड्यात क्लबचा सामना आणि जिल्हा निवड चाचणी एकत्र आल्यामुळे त्याने १९८ चेंडू टाकले, तर गुणोत्तर १.८ होते. क्रीडावैद्यकात ०.८ ते १.३ हा साधारण सुरक्षित पट्टा आणि १.५ च्या वरचा आकडा धोक्याचा, असा संकेत बरीच वर्षे वापरात आहे. या गुणोत्तरावर अभ्यासकांनी आक्षेपही घेतले आहेत, आणि त्याला पंचांगासारखे मानून चालणारच नाही. मात्र श्रम एकाएकी दुप्पट होत आहेत हे डोळ्यांसमोर येण्यासाठी ते पुरेसे आहे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. जास्त गोलंदाजीचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसेलच असे नाही. ऑस्ट्रेलियातील वेगवान गोलंदाजांविषयी जॉन ऑर्चर्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एका सामन्यात ५० हून अधिक षटके टाकणाऱ्यांना पुढील २१ दिवसांपर्यंत दुखापतीचा धोका वाढलेला आढळला. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झालेल्या ओढाताणीचे बिल नाताळच्या सुमारास येते, आणि तोवर प्रशिक्षक ती ओढाताण विसरलेला असतो. ‘आज दुखत नाही’ हे उत्तर म्हणूनच अपुरे आहे.

फलंदाज, यष्टिरक्षक किंवा कबड्डीतला चढाईपटू यांच्यासाठी चेंडू मोजता येत नाहीत. त्यांना सराव संपल्यावर अर्ध्या तासाने विचारावे की आजचे श्रम दहापैकी किती वाटले, आणि त्या आकड्याला मिनिटांनी गुणावे. नव्वद मिनिटांच्या सरावाला सहा गुण दिले तर ५४० ही त्या दिवसाची नोंद. नागपुरात ही पद्धत गोलंदाजांनाही जोडीला लावावी, असे माझे मत आहे. ऑक्टोबरमध्ये दुपारी दोन वाजता टाकलेली सहा षटके आणि जानेवारीच्या सकाळी टाकलेली सहा षटके वहीत सारखी दिसतात. शरीराला ती सारखी नसतात.

शाळकरी मुलांच्या बाबतीत मात्र गणित करत बसू नये, थेट मर्यादा पाळावी. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने कुमार वेगवान गोलंदाजांसाठी ठरवलेल्या निर्देशांत पंधरा वर्षांखालील मुलांना एका स्पेलमध्ये (सलग हप्त्यात) ६ आणि दिवसात १२ षटके एवढीच परवानगी आहे. आपल्याकडची खरी अडचण अशी की तोच मुलगा शनिवारी शाळेकडून, रविवारी क्लबकडून आणि मधल्या दिवशी अकादमीकडून खेळतो आणि तिन्ही प्रशिक्षकांना वाटते की आपण त्याला जपतो आहोत. वही संघाची नव्हे, खेळाडूची असावी, आणि ती त्याच्याच किटबॅगेत राहावी.

सामना निवडताना प्रेक्षकाचाही विचार

स्थानिक मैदानावर तिकीट नसते, म्हणून हा भाग क्लबांना लहानसा वाटेल. पण जामठ्याच्या स्टेडियमवर एखादा मोठा सामना असला की खापरीपर्यंत मेट्रोने आणि पुढे मिळेल त्या वाहनाने लोक जातात ते एखाद्या नावासाठीच. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये या प्रश्नाने मोठे रूप घेतले. तेथे साखळी टप्प्यात प्रत्येक संघाचे ८२ सामने होतात. २०१२ साली सॅन अँटोनियो स्पर्सने टिम डंकन, टोनी पार्कर आणि मानू जिनोबिली यांच्यासह चार खेळाडूंना मायामीतील सामन्याआधी घरी पाठवले, तेव्हा संघाला अडीच लाख डॉलर दंड झाला. पुढे २०२३ साली लीगने नियमच केला: एका सामन्यात एकापेक्षा अधिक तारांकित खेळाडू बसवू नयेत, राष्ट्रीय प्रक्षेपणाच्या सामन्यांत त्यांना उपलब्ध ठेवावे, विश्रांती शक्यतो घरच्या मैदानावर द्यावी आणि बसलेला खेळाडू प्रेक्षकांना दिसेल असा हजर असावा. शिवाय हंगामातील वैयक्तिक पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट घातली.

यातून आपल्याला दोन गोष्टी घेता येतात. दोन आधारस्तंभ एकाच सामन्यात बसवू नयेत, कारण मग पराभवाचे कारणही कळत नाही आणि नव्या मुलांना टेकायला कोणी उरत नाही. दुसरे, बसलेल्या खेळाडूने मैदानावर यावे. तो यवतमाळला मित्राच्या लग्नात दिसला, तर विश्रांतीचा निर्णय कितीही शास्त्रीय असला तरी संघात त्याची चेष्टाच होईल.

सांगावे कसे

माझ्या मते सर्वांत अवघड भाग हाच आहे. वैदर्भीय खेळाडूला बसवणे म्हणजे काढणे, असेच समीकरण मनात बसलेले असते. ‘मले काही झालंच नाही न सर, मंग मले बसवता कायले?’ हा प्रश्न ठरलेला आहे, आणि त्याला ‘मोठ्या सामन्यासाठी जपतो आहे’ एवढे मोघम उत्तर देऊन भागत नाही. वही उघडून त्याच्यासमोर पान ठेवावे, गेल्या पाच आठवड्यांचे आकडे त्यालाच वाचायला लावावेत आणि तो परत कोणत्या तारखेला खेळणार ते त्याच पानावर लिहावे. परतीची तारीख लिहिलेली असली की निम्मा राग तेथेच उतरतो. हे बोलणे सामन्याच्या किमान चार दिवस आधी व्हावे, कर्णधार सोबत असावा, आणि घरच्यांचा फोन येण्याआधी आपणच त्यांना कळवावे.

रागाचे दुसरे कारण पैसा असते आणि त्याबद्दल कोणी उघड बोलत नाही. २०२१ पासूनच्या दरानुसार चाळीसहून अधिक सामने खेळलेल्या रणजीपटूला अंतिम अकरात असल्यास दिवसाला ६०,००० रुपये आणि राखीव असल्यास ३०,००० रुपये मिळतात. म्हणजे चार दिवसांच्या एका सामन्यात बसल्यास १,२०,००० रुपयांचा फरक पडतो. क्लबच्या पातळीवर रक्कम लहान असते, पण झळ तशीच असते, आणि ज्या मुलाचे घर त्या मानधनावर अंशतः चालते तो दुखणे लपवून खेळेल यात नवल नाही. व्यवस्थापनाने बसवलेल्या खेळाडूला त्या सामन्याचे पूर्ण मानधन द्यावे आणि हे हंगामाच्या सुरुवातीलाच लेखी ठरवावे. तेवढी तयारी नसेल, तर विश्रांतीच्या गोष्टी करू नयेत.

‘पोटरी दुखावली आहे’ असे खोटे कारण मात्र कधीही देऊ नये. निवड समितीच्या टिपणात ती दुखापत खरी होऊन बसते आणि पुढच्या निवडीत मुलाच्या अंगावर येते.

बसलेल्या दिवसांत काय करावे

विश्रांती म्हणजे अंथरूण नव्हे. सात-आठ दिवस एकही चेंडू न टाकलेल्या गोलंदाजाची चार आठवड्यांची सरासरी खाली येते, आणि परतल्यावर नेहमीचाच सामनाही त्याच्यासाठी एकदम मोठी उडी ठरतो. पहिले दोन दिवस गोलंदाजी पूर्ण बंद ठेवावी, झोप आणि आहार सांभाळावा. तिसऱ्या दिवशी निम्म्या वेगाने तीन षटके, पाचव्या दिवशी पाऊण वेगाने चार षटके, आणि परतीच्या सामन्यात पहिला स्पेल चार षटकांहून लांबवू नये. फिरकी गोलंदाजांना पाठीपेक्षा खांदा आणि बोटे सांभाळावी लागतात. आपल्याच हर्ष दुबेने २०२४-२५ च्या रणजी हंगामात १० सामन्यांत विक्रमी ६९ बळी घेतले. असे श्रम वेगवान गोलंदाजाकडून मागता येणार नाहीत, आणि दोघांना एकच नियम लावणे चुकीचे ठरेल.

केवळ बसवल्याने दुखापती टळतात, असेही समजू नये. एनबीएने २०२४ च्या सुरुवातीला दहा हंगामांच्या नोंदींवर आधारित अहवाल दिला, त्यात सामने चुकवल्यामुळे पुढील दुखापती कमी झाल्याचे दिसून आले नाही. ताकदीचा व्यायाम, श्रमांत हळूहळू होणारी वाढ आणि झोप हे नसेल तर एका सामन्याची सुटी फारसे काही साधत नाही. सूर हरवलेल्या फलंदाजाला तर ‘विश्रांती’ देऊच नये. त्याला धावा हव्या असतात, सुटी नव्हे.

जागा घेणारा

जसप्रीत बुमराहने २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पाच कसोटींत ३२ बळी घेतले आणि सिडनीत पाठीच्या दुखण्यामुळे शेवटच्या डावात तो गोलंदाजी करू शकला नाही; चॅम्पियन्स करंडकालाही त्याला मुकावे लागले. त्यानंतर २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात तो पाचपैकी तीनच कसोटी खेळेल, हे आधीच जाहीर झाले. गंमत अशी की भारताने जिंकलेल्या बर्मिंगहॅम आणि ओव्हल या दोन्ही कसोटींत तो नव्हता. बर्मिंगहॅमला त्याच्या जागी आलेल्या आकाश दीपने दहा बळी घेतले. यावरून बुमराहची गरज नव्हती असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद आहे. तयार माणूस बाकावर असला तरच विश्रांतीची चैन परवडते, एवढेच त्यातून दिसते.

म्हणून बदली गोलंदाजाला नव्या चेंडूवर टाकण्याची सवय आधीच्या, कमी जोखमीच्या सामन्यांत लावावी, आणि त्याचेही पान वहीत तितक्याच काटेकोरपणे भरावे. मुख्य गोलंदाज बसला की त्याची षटके याच्या अंगावर पडतात आणि एकाला वाचवताना दुसरा जायबंदी होतो. त्या आठवड्यात बदली गोलंदाजाचे नेटमधले चेंडू निम्म्यावर आणावेत. जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला आणि सामने पुढे ढकलले गेले, तर पेन्सिलीच्या खुणा पुसून पूर्ण आखणी नव्याने करावी आणि सुधारलेल्या तारखा त्याच दिवशी प्रत्येक खेळाडूच्या पानावर चढवाव्यात.