नातवंडांसोबत पुठ्ठ्याचा माग

सोलापुरात राहून नातवंडांना माग ठाऊक नसावा, याचं मला वाईट वाटतं. म्हणून सुट्टीत घरातच छोटा माग करा. बुटाच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, साधारण 15 बाय 20 सेंटिमीटर. वरखाली एकेक सेंटिमीटरवर समोरासमोर 12 खाचा पाडा. कात्री आपल्या हातात, मोजमाप आणि खुणा नातवाकडे. खाचांतून पक्का सुती दोरा उभा ताणून घ्या. फार आवळला तर पुठ्ठा वाकतो.

आडव्या विणीला जुन्या टी-शर्टच्या बोटभर रुंद पट्ट्या उत्तम. साडीच्या पट्ट्यांचे दोरे सुटतात, मुलं वैतागतात. आइस्क्रीमच्या काडीला पट्टी बांधा, झाला धोटा. एक दोरा वरून, एक खालून, परतताना उलट.

खरी अडचण पुढेच येते. मुलं पट्टी ओढतात आणि विणकाम मधे कमरेसारखं आवळतं. पट्टी सरळ न ओढता धनुष्यासारखी सैल ठेवायची, मग कंगव्याने खाली दाबायची. माझ्या नातीला हे जमलं तेव्हा ती प्रत्येक ओळीला "आजी, धनुष्य!" म्हणत होती.

शेवटी दोरे कापून दोन-दोनच्या गाठी मारा. पेल्याखाली ठेवायला छान चटई होते. मग घरातली सोलापुरी चादर उलटून दाखवा: नक्षी तीच, रंग अदलाबदल झालेले. आता त्यांना ते बघायचं असतं.