सिरॅमिकच्या कणसीमेवरील अणू कसे ओळखावेत
इट्रियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकची) कणसीमा, म्हणजे दोन स्फटिककण जिथे भिडतात ती सीमा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी नमुना आयनझोताने सुमारे ५० नॅनोमीटरपेक्षा पातळ करावा आणि शेवटचा हात कमी व्होल्टेजवर फिरवावा. गोव्याच्या पावसाळी दमट हवेत तो सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यातच ठेवावा. खरी मेहनत पुढेच आहे: सीमा इलेक्ट्रॉन झोताला समांतर येईपर्यंत नमुना थोडाथोडा कलता करत राहावा, कारण ती तिरकी राहिली तर दोन्ही कणांचे संकेत एकमेकांत मिसळतात. ॲल्युमिनियमचा अणुक्रमांक १३ आणि इट्रियमचा ३९ असल्यामुळे मोठ्या कोनात विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या प्रतिमेत इट्रियमचे स्तंभ (झोताच्या दिशेने एकामागे एक असलेल्या अणूंच्या रांगा) ठळक उजळतात. तरीही केवळ उजळपणावर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे. क्ष-किरण वर्णपटाने मूलद्रव्याची खात्री करावी आणि त्याच जागेची प्रतिमा पुन्हा घेऊन झोताने रचना बिघडली नाही ना, हे पाहावे.