बिल्ड कुठे फसतो? या चुका टाळा

रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ येईपर्यंत मित्राने मोबाइल पुढे सरकवला. ‘बाल्डर्स गेट ३’ या व्हिडिओ गेममधलं त्याचं पात्र, लेव्हल ६. त्याचा बिल्ड, म्हणजे सहा लेव्हलची तीन क्लासमध्ये (पेशांत) केलेली वाटणी: लढवय्या फायटर २, चोरपावलांचा रोग (rogue) २, जादूगार विझार्ड २. “याला सगळं येतं रे, तरी तिसऱ्या टर्नला आडवा पडतो.”

सगळं येतं, तिथेच तर घोटाळा आहे. या गेममध्ये फीट (खास कौशल्य किंवा आकड्यांत वाढ) एकूण लेव्हलवर मिळत नाही, त्या त्या क्लासच्या चौथ्या लेव्हलला मिळतं. फायटरचा एक्स्ट्रा अटॅक (त्याच टर्नला आणखी एक वार) पाचव्या लेव्हलला, विझार्डचा फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्रही पाचव्यालाच. दोन-दोन-दोन अशी वाटणी केली की यातलं काहीच हाती लागत नाही. हाच गडी सरळ फायटर ६ असता, तर एव्हाना दोन फीट आणि दर टर्नला दोन वार असते. मल्टिक्लास, म्हणजे क्लासची सरमिसळ, जरूर करा, पण आधी एक क्लास ५ पर्यंत न्या. लेव्हल १२ लाच थांबते, उधळायला फार काही नसतं.

मग पात्राच्या क्षमतांचे आकडे बघितले. स्ट्रेंग्थ १५, डेक्स्टेरिटी १५, इंटेलिजन्स १३, बोलायला कामी येईल म्हणून करिश्मा १४, आणि कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे मार सोसायची ताकद, फक्त १०! आडवा पडणार नाही तर काय? शिवाय या आकड्यांवरून मिळणारा बोनस सम आकड्याला वाढतो: १४ ला +२, १५ लाही +२, १६ ला +३. पुढच्या फीटने सम करायचा बेत नसेल, तर विषम आकड्यातला तो शेवटचा पॉइंट वायाच.

कॉन्सन्ट्रेशनकडेही लोक काणाडोळा करतात: काही मंत्र लक्ष देऊन टिकवावे लागतात, आणि एका वेळी असा एकच टिकतो. वेब (जाळ्याचा मंत्र) टाकलंय आणि त्याच विझार्डने हेस्ट (साथीदाराचा वेग वाढवणारा मंत्र) टाकला, की जाळं गायब. वर मार बसून हेस्ट तुटला, तर ज्याला तो दिला होता त्याची एक टर्न फुकट जाते.

कधी क्लास बरा असतो, टोळीच चुकलेली असते. ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’मध्ये फिजिकल आणि मॅजिक आर्मर (शस्त्रांचा आणि जादूचा मार अडवणारं कवच) वेगवेगळं असतं. दोघे तलवारवाले, दोघे जादूवाले घेतले की एकाच शत्रूची दोन्ही आर्मर फोडत बसावं लागतं. आणि कधी चूक गेमची. ‘ड्यूस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशन’ २०११ साली आला तेव्हा लपूनछपून खेळणाऱ्यालाही बॉसशी, म्हणजे मोठ्या शत्रूशी, समोरासमोर भिडावंच लागायचं, दुसरे मार्ग २०१३ च्या डायरेक्टर्स कट या सुधारित आवृत्तीत आले. तिथे स्वतःला दोष देऊ नका.

पात्र बनवताना मी एकच प्रश्न विचारतो: लढाई सुरू झाली की पहिल्या टर्नला हा नेमकं काय करणार? मित्राने टिश्यूवर उत्तर लिहायला घेतलं. तर्रीच्या डागाशेजारी तीन ओळी झाल्या, तिन्ही ‘किंवा’ने सुरू होणाऱ्या.

बरं, आता दुरुस्ती सोपी आहे. ‘डायब्लो २’ आला २००० साली, आणि वाटलेले पॉइंट परत घ्यायची सोय झाली २०१० मध्ये. तोवर सिडकोतल्या सायबर कॅफेत आम्ही तासाचे पैसे मोजून पात्र पहिल्यापासून उभं करायचो. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये कॅम्पमधल्या विदर्स या पात्राला १०० सोन्याची नाणी दिली की क्लाससकट सगळं बदलून मिळतं.

रात्री मित्राचा मेसेज आला: “केलं दुरुस्त. फायटर ४, रोग २.”