फॅशन मासिक ऑनलाइन वाढवताना या चुका टाळा

छापील अंकाच्या बळावर देशभर नाव मिळवलेले फॅशन मासिक ऑनलाइन येते, तेव्हा पहिली चूक बहुधा दारातच होते: अंकाची पाने पीडीएफ करून जशीच्या तशी संकेतस्थळावर चढवली जातात. दोन पानांवर पसरलेले छायाचित्र आणि त्याच्या कोपऱ्यातला बारीक टाइप कागदावर देखणा दिसतो. मोबाइलवर मात्र प्रत्येक ओळ बोटांनी मोठी करावी लागते आणि वाचक दुसऱ्या पानापर्यंतही टिकत नाही. मजकूर आणि छायाचित्रे सुटी करून मोबाइलसाठी नव्याने मांडणे कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

जुने अंक चढवताना हक्कांकडे दुर्लक्ष करणे याहून महागात पडते. छायाचित्रकार आणि मुक्त लेखक यांच्याशी झालेले करार अनेकदा छापील प्रसिद्धीपुरतेच असतात. न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध तासिनी या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये मुक्त लेखकांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यांचे छापून आलेले लेख परवानगीवाचून इलेक्ट्रॉनिक संग्रहात देता येणार नाहीत, असे ठरवले. कायदे देशागणिक वेगळे असले, तरी ज्या छायाचित्राचा करार सापडत नाही ते बाजूला ठेवणे कुठेही शहाणपणाचेच ठरते.

वाचक येतात आणि क्षणात निघून जातात, अशी तक्रार असेल तर मथळे बदलण्याआधी मुखचित्र तपासावे. छपाईसाठी तयार केलेली अवजड फाइल तशीच वापरलेली असते आणि कार्यालयातल्या वेगवान जोडणीवर ती झटकन उघडत असल्याने संपादकांना त्यात काही वावगे दिसत नाही. पानावरचा सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा आहे. वाचक खाली सरकत जवळ येईपर्यंत चित्र न उतरवण्याची सोय पहिल्याच चित्राला लावली, तर ती उलटते. ती खालच्या चित्रांपुरती ठेवावी. प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी आधीच नोंदवावी, नाहीतर वाचता वाचता मजकूर खाली उडी मारतो.

संकेतस्थळाला नवे रूप दिल्यावर वाचकसंख्या कोसळली, तर बहुतेकदा संपादकीय विभागाला धारेवर धरले जाते. खरे कारण पुष्कळदा जुन्या लेखांचे वेबपत्ते बदलण्यात असते: इतरांनी दिलेले दुवे तुटतात आणि शोधयंत्रांनी त्या पानांना दिलेले वजन वाया जाते. प्रत्येक जुना पत्ता ३०१ प्रकारच्या, म्हणजे पान कायमचे हलले आहे असे ब्राउझरला आणि शोधयंत्राला सांगणाऱ्या, वळणाने त्याच विषयाच्या नव्या पानाकडे न्यावा. सगळे पत्ते सरसकट संकेतस्थळाच्या मुखपृष्ठाकडे वळवणे ही निव्वळ पळवाट आहे. हंगामी लेखांचीही हीच गत होते. पावसाळी पादत्राणांवर दरवर्षी नवे पान काढले की मासिकाची स्वतःचीच पाने शोधात एकमेकांना मागे खेचतात, म्हणून एकच पान ठेवून ते दरवर्षी खरोखर नव्याने लिहावे. फॅशन वीकच्या वृत्तांताचे मात्र वेगळे आहे. तो त्या हंगामाचा दस्तऐवज असल्याने प्रत्येक हंगामाचे पान स्वतंत्रच राहायला हवे.

जाहिरातदाराने पैसे दिलेला लेख किंवा कमिशन देणारे खरेदीचे दुवे असतील, तर तसे लेखाच्या सुरुवातीलाच सांगावे.

छापील अंक बंद केला की ऑनलाइन आवृत्ती आपोआप बहरते, हाही एक भ्रमच आहे. टीन व्होगने २०१७ मध्ये, तर अमेरिकेतील ग्लॅमरने २०१९ च्या सुरुवातीला नियमित छापील अंक थांबवले. असा निर्णय खर्च वाचवतो, मंद पान वेगवान करत नाही.

सारी भिस्त समाजमाध्यमांवर ठेवणे त्याहून धोक्याचे आहे. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये मित्र-कुटुंबीयांच्या पोस्टना झुकते माप देण्याचे जाहीर केले, तेव्हा प्रकाशकांना आपला वाचक परक्याच्या अंगणात उभा असल्याचे कळून चुकले. स्वतःचे ईमेल वार्तापत्र हा त्यावरचा जुना पण भरवशाचा उपाय आहे. फक्त ते किती जणांनी उघडले या आकड्यावर विसंबू नये, कारण ॲपलने २०२१ मध्ये मेलमध्ये आणलेल्या गोपनीयता सोयीमुळे न वाचलेली पत्रेही उघडलेली म्हणून मोजली जाऊ शकतात. किती जणांनी दुव्यावर क्लिक केले आणि त्यांतले किती पुढच्या महिन्यात परतले, हे मोजावे.