उद्या डेमो आहे ना, मग पोर्ट आज रात्रीच बघून ठेवा

अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलवाल्या मालकाला स्टॉकचं सॉफ्टवेअर दाखवायला जाणार असाल तर पहिलं काम म्हणजे आज रात्री लॅपटॉप एकदा पूर्ण रीस्टार्ट करा. स्लीपमधून उठवलेला नको, रीस्टार्टच. कारण घरी चार दिवस अपाची (म्हणजे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये दाखवणारा वेब सर्व्हर) मस्त चालू असतो, आणि तिथं मशीन नव्याने चालू केलं की विंडोजच्या आपोआप उठणाऱ्या सर्व्हिसेस आधी ८० नंबरचा पोर्ट, म्हणजे वेब सर्व्हर नेहमी वापरतो तो दरवाजा, धरून बसतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच, ज्याचा आधी पडला त्याची सीट. माझं असंच झालंय, मालक समोर बसलेले आणि झॅम्प (अपाची नि मायएसक्यूएल डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) स्टार्ट होईना, शेवटी मोबाईलमधले स्क्रीनशॉट दाखवून आलो बे.

रीस्टार्टनंतर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि नेटस्टॅट -एएनओ (netstat -ano) मारा, कुठला पोर्ट कुणी धरलाय त्याची यादी येते. ८० शोधताना ८०८० पण येतंय त्यात, म्हणून लोकल अ‍ॅड्रेसच्या कॉलममध्ये बरोबर :८० आणि पुढं लिसनिंग असलेली ओळच बघा, शेवटचा आकडा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर, तो टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये जुळवून नाव काढा. नाव कळल्याशिवाय एंड टास्क करायचं नाही, कारण ती सर्व्हिस असेल तर परत उठून बसू शकते. पीआयडी ४ आला, म्हणजे सिस्टम, तर तो मारता येत नाही, मागं बहुतेक आयआयएस, म्हणजे विंडोजचाच वेब सर्व्हर, असतं. सर्व्हिसेसमध्ये जाऊन वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस थांबवा आणि स्टार्टअप टाइप मॅन्युअल करा. एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) टाकलेला असेल तर त्याची रिपोर्टिंग सर्व्हिस पण बघा, तिला पण ८० च आवडतो.

कधी कधी यादीत कुणीच नसतं तरी एरर. तेव्हा एररचा नंबर वाचा की राव, नुसता लाल रंग बघून घाबरू नका. १००४८ म्हणजे पोर्ट दुसऱ्याकडं आहे, १००१३ म्हणजे परवानगीच नाही, आणि डॉकर किंवा हायपर-व्ही (कंटेनर, व्हर्च्युअल मशीन चालवणारी सॉफ्टवेअरं) असलेल्या मशीनवर विंडोजने काही पोर्ट राखून ठेवलेले असतात त्यामुळं हे होतं, नंबर बदला नि मोकळे व्हा.

लिनक्सवाल्यांनी हीच यादी सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून एसएस -एलटीएनपी (ss -ltnp) नं बघा, सुडो नसेल तर दुसऱ्या युजरच्या प्रोसेसचं नाव दिसत नाही. आणि ती कंट्रोल झेड दाबायची सवय सोडा, त्यानं सर्व्हर बंद होत नाही, नुसता थांबतो आणि पोर्ट धरूनच राहतो. बंद करायला कंट्रोल सी. १०२४ च्या खालचा पोर्ट साध्या युजरला सहसा देत नाही, तो वेगळा घोळ. मॅकवर ५००० अडकला तर सेटिंगमध्ये एअरप्ले रिसीव्हर बंद करा.

मला विचाराल तर डेमोच्या लॅपटॉपवर ८० साठी भांडूच नका, ८०८० घ्या. पण मग अर्धवट नको. एचटीटीपीडी डॉट कॉन्फ या अपाचीच्या सेटिंगच्या फाईलमध्ये लिसन बदला, सर्व्हरनेम बदला, लिसनची ओळ चुकून दोनदा नाही ना बघा, नाहीतर अपाची स्वतःशीच भांडतो. ४४३ ची ओळ एसएसएलच्या वेगळ्या फाईलमध्ये असते, एचटीटीपीएस लागणार नसेल तर ती फाईल घेणारी इन्क्लूडची ओळ कमेंट करून (पुढं # लावून) टाका. मायएसक्यूएलचा ३३०६ पण तपासा, जुना मायएसक्यूएल वेगळा टाकलेला असतो आणि आपण विसरलेलो असतो. वर्डप्रेस असेल तर डेटाबेसमध्ये साइटयूआरएल आणि होम दोन्हीत :८०८० घाला, नाहीतर पहिल्याच क्लिकला परत ८० वर पळतंय.

एवढं झालं की परत एक रीस्टार्ट, ब्राउझरमध्ये नवा पत्ता टाकून लॉगिन ते बिल प्रिंटपर्यंत एकदा चालवा, बुकमार्क करा आणि चार्जिंगला लावून झोपा. सकाळी अपडेट अँड शटडाउन आलं तर दाबू नका.