मुलांची उंची, वयात येणे आणि रक्तातली साखर : घरी काय पाहावे, डॉक्टरांकडे कधी जावे

मुलाची वाढ खुंटली अशी शंका आली, की बहुतेक पालक त्याची तुलना शेजारच्या मुलाशी करतात, नाहीतर उंची वाढवणाऱ्या पावडरीचा डबा आणतात. त्यापेक्षा भिंतीवर पेन्सिलीने मारलेली रेघ अधिक उपयोगाची आहे, कारण हार्मोनचा बिघाड एका मापात सहसा कळत नाही. तो दोन मापांमधल्या अंतरातून कळतो.

माप घेताना मुलाला अनवाणी उभे करावे, टाचा आणि पाठ भिंतीला टेकलेली व नजर सरळ समोर असावी, आणि डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात धरून रेघ मारावी. दिवसभरात उंची सुमारे एक सेंटिमीटरने कमी भरू शकते, म्हणून दर वेळी सकाळीच मोजावे. सहा महिन्यांतून एकदा मोजले तरी पुरते. ठाण्यात किंवा ऐरोली-कोपरखैरण्यात भाड्याने राहणाऱ्यांची भिंत दर अकरा महिन्यांनी बदलू शकते, तेव्हा आकडा आणि तारीख लसीकरणाच्या कार्डावर लिहिलेली बरी.

चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. वाढ ४ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, मग मूल वर्गात उंच दिसत असले तरीही. आईवडिलांच्या उंचीची सरासरी काढून मुलासाठी तीत ६.५ सेंटिमीटर मिळवले आणि मुलीसाठी तेवढेच वजा केले, की अपेक्षित उंचीचा अंदाज येतो. डॉक्टर हे आकडे वाढीच्या आलेखावर मांडतात, गरजेप्रमाणे थायरॉइडसाठी टीएसएच व टी-४ तपासतात आणि हाडांचे वय पाहण्यासाठी डाव्या हाताचा व मनगटाचा एक्स-रे काढतात. मुलगी कारण न कळता बुटकी राहत असेल, तर टर्नर सिंड्रोमसाठी (मुलींमधला एक्स गुणसूत्राचा जन्मजात दोष) गुणसूत्रांची तपासणीही करतात. ग्रोथ हार्मोनचे इंजेक्शन प्रत्येक बुटक्या मुलासाठी नसते, आणि हाडांची वाढती टोके सांधली गेल्यावर त्याने उंची वाढत नाही.

वाढ मंदावली की घरात चर्चा होते. वाढ अचानक वेगाने झाली, तर मात्र कौतुकच होते. मुलीला आठ वर्षांच्या आत स्तनांची वाढ दिसू लागली किंवा मुलात नऊ वर्षांच्या आत वयात येण्याच्या खुणा दिसल्या, तर तपासणी पुढे ढकलू नये. अशी मुले आज वर्गात सर्वांत उंच असतात, पण हाडे लवकर पक्व झाल्याने मोठेपणी बुटकी राहू शकतात. उलट, मुलीत तेराव्या आणि मुलात चौदाव्या वर्षापर्यंत काहीच बदल नसेल, किंवा पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नसेल, तरीही दाखवावे. ‘बाबाही दहावीनंतरच वाढला’ हे खरे असू शकते, पण ते तपासून ठरवावे.

तपासणीची सुरुवात कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात करता येते. पुढे हार्मोनतज्ज्ञांची गरज पडली, तर परळला केईएम किंवा वाडिया रुग्णालय आहे; तिथे जाताना मापांची नोंद आणि जुने रिपोर्ट सोबत असावेत.

उंचीच्या बाबतीत काही महिने निरीक्षण करता येते. साखरेच्या बाबतीत एक दिवसही थांबू नये. मूल सारखे पाणी मागते, वारंवार लघवीला जाते, खाऊनही वजन उतरते, किंवा अंथरूण कोरडे ठेवणारे मूल पुन्हा ओले करू लागते, तेव्हा त्याच दिवशी साखर तपासावी. उपाशीपोटीच्या तपासणीसाठी उद्याची सकाळ बघू नये. ही लक्षणे असताना कोणत्याही वेळची साखर दर डेसिलिटर रक्तात २०० मिलिग्रॅम वा अधिक असेल, तर तो मधुमेह समजतात. त्यात उलट्या, पोटदुखी आणि खोल, जलद श्वास सुरू झाला, तर दवाखाना न शोधता थेट मोठ्या रुग्णालयाची तातडीची सेवा गाठावी. जाड मुलाच्या मानेवर काळसर, मखमली पट्टा दिसला, तर तो मळ समजून घासत बसू नये. इन्सुलिनचा परिणाम कमी होत असल्याची ती खूण असू शकते.

इन्सुलिन सुरू झाल्यावर शाळेला लेखी कळवावे. घाम, थरथर किंवा गुंगी आली आणि साखर ७० च्या खाली असली, तर शुद्धीवर असलेल्या मुलाला सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही घालू नये, लगेच १०८ ला फोन करावा.